कांद्याच्या रंगाची कानटोपी

सेफ्टीमामा माणसाला नावानं हाक मारत नसत, रंगानं मारत. "ए निळं स्वेटर, जरा सरक." "पिवळी ओढणी, आईला सांग, गिरणी चालू झाली." समोरच्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, त्याचं रान कालव्याच्या कुठल्या चारीवर आहे, हे सगळं त्यांना ठाऊक असे. तरी हाक रंगानंच. मी न्हावऱ्याच्या आमच्या क्रीडा मंडळाची सचिव. माझ्या हातात कायम लाल कव्हरची वही असते, म्हणून मी त्यांची 'लालवही'. पन्नाशीला आलेल्या बाईला दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी त्याला चार शब्द सुनावले असते. मामांना 'ओ' देत असे.

त्यांची सगळी नोकरी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत, सेफ्टी खात्यात गेली. रोज न्हावऱ्याहून मोटरसायकलनं जायचं, पाळी संपली की परत. कागदावरचं त्यांचं नाव रेशनकार्डावर आणि मशिदीच्या वर्गणीच्या पावतीवर होतं. गावात ते सेफ्टीमामाच. मशिदीच्या मागच्या आळीत त्यांचं स्लॅबचं घर. निवृत्तीला कंपनीनं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि ड्यूटीवरची शिट्टी परत घ्यायची विसरली. घड्याळ मामींनी आतल्या खोलीत लावलं. शिट्टी मामांच्या गळ्यात राहिली.

शिट्टीबरोबर कंपनीची भाषाही गावात आली. लग्नाच्या मांडवात ते आधी 'असेंब्ली पॉइंट' ठरवत. "गॅस पेटला तर समद्यांनी कडुलिंबाखाली यायचं," असं पंगतीत सांगत फिरत. लोक हसत. मामा म्हणत, "हसा. पण लिंब कुठं हाय ते बघून ठिवा."

आमच्या मुलींचा कबड्डीचा संघ चांगला आहे. हे मी कौतुकानं म्हणत नाही, निकालांच्या नोंदी माझ्याकडे आहेत. कप्तान शुभांगी. चढाईला गेली की समोरच्या कोपऱ्यातल्या मुली आपोआप एक पाऊल मागे घेतात. पौषात दौंडला मोठी स्पर्धा असते. त्या स्पर्धेत जिल्ह्याच्या संघासाठी निवड करणारे येऊन बसतात, त्यामुळे आमच्यासारख्या गावाला तीच एक खिडकी.

पहिल्यांदा गेलो त्या वर्षी आम्ही दोन टेम्पो भरून माणसं नेली, शिवाय मोटरसायकली वेगळ्या. सकाळचे सामने. भीमेवरून असा गार वारा येत होता की बोलताना दात वाजत होते. लोकांनी घरातून हाताला लागेल ते आणलं होतं. घोंगडी, शाली, कंपनीची जर्किनं, एकानं तर सासऱ्याचा कोट. जिथं जागा मिळेल तिथं जो तो बसला आणि आमची सगळी माणसं त्या गर्दीत विरघळून गेली. दौंडचा संघ पांढऱ्या-निळ्या कपड्यांत होता आणि त्यांची माणसंही तशीच, एका बाजूला भिंतीसारखी. आम्ही हरलो.

परतीच्या टेम्पोत शुभांगीनं मला विचारलं, "ताई, आपलं कुणीच आलं नव्हतं का?"

तिचे वडील तात्या तिच्या शेजारीच बसले होते. राखाडी शाल पांघरून ते सबंध सामना तिसऱ्या रांगेत बसले होते आणि ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला होता. त्यांनी तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली. मग कसंबसं म्हणाले, "म्या व्हतो की गं."

तिनं त्यांच्याकडं बघितलं. "दिसला न्हाईत मला," म्हणाली. मग म्हणाली, "पुढच्या साली मी न्हाई येत. परक्या गावात परक्यांपुढंच खेळायचं तर कशाला जायचं?"

ती रागानं बोलली असती तर मी मनावर घेतलं नसतं. ती शांतपणे बोलली. टेम्पोच्या कोपऱ्यात मामा पाय पोटाशी घेऊन बसले होते, त्यांनीही ऐकलं. गावात उतरल्यावर मला म्हणाले, "लालवही, लिव्ह. पुढच्या साली आपल्या माणसांचा एक रंग. लांबून ओळखू यायला पाहिजे."

रंग ठरवायला मंडळाची बैठक बसली आणि मला वाटलं होतं तसंच झालं. गावात प्रत्येक रंग कुणाच्या तरी मालकीचा असतो. भगवा म्हटलं की दोन माणसं खूश आणि दोन गप्प. हिरवा म्हणायची सोय नाही. निळ्याला एक झेंडा, पिवळ्याला दुसरा, आणि गुलाबी म्हटलं की 'निवडणूक जिंकली काय' असा टोमणा. चहाचे दोन फेरे झाले तरी वहीचं पान कोरंच होतं. मग मामांनी कोपऱ्यातल्या पोत्यातून एक कांदा काढला आणि टेबलावर ठेवला.

"ह्यो कुठल्या पार्टीचा?" त्यांनी विचारलं.

सगळे कांद्याकडं बघायला लागले.

"समद्यांच्या रानात हाय. समद्यांच्या घरात हाय. भावावरनं समदे एकत्र रडतात. ह्योच रंग."

मी लिहून घेतलं: कांदा रंग, सालीचा. त्या विषयावर गावात पुन्हा वाद झाला नाही. आमच्या गावात ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे.

पहिला प्रयत्न टी-शर्टांचा. मी घरोघर फिरून मापं घेतली, लहान-मध्यम-मोठं अशी वर्गवारी केली, शिरूरला ऑर्डर दिली. माल चोख आला. शिरूरच्याच एका लहान स्पर्धेत रंगीत तालीम करायचं ठरलं. सकाळी सगळे सांगितल्याप्रमाणे टी-शर्ट घालून आले आणि त्यावर प्रत्येकानं स्वेटर, जर्किन, शाल चढवली होती. कांद्याचा एक कणसुद्धा दिसत नव्हता.

मामांनी शिट्टी वाजवली. "ऊब आत, रंग बाहेर. चला, अदलाबदल."

मैदानाच्या कडेला सगळी माणसं जर्किनावर टी-शर्ट चढवायला लागली. मापं अंगाची होती, जर्किनाची नव्हती. तात्यांचे दोन्ही हात वर आणि डोकं आत अडकलं. आतून आवाज आला, "अरं, मला भाईर काढा, न्हाईतर मॅच संपल्यावर फाडा." दोघांनी ओढलं. बगलेत टरकन् आवाज झाला. मुली खेळायचं सोडून हसत होत्या. त्या दिवशी टी-शर्टांच्या शिवणी जितक्या उसवल्या तितक्या एरवी शिंप्याकडे वर्षात उसवत नसतील.

मामा माझ्याकडं वळून शांतपणे म्हणाले, "माप माणसाचं घेतलं, थंडीचं घ्यायचं ऱ्हायलं. चुकलंच आपलं." 'आपलं' म्हणाले, 'तुझं' नाही. मग 'रद्द' असा शिक्का हवेतच मारला आणि चहा मागवला.

उत्तर त्यांना शिरूरच्या एसटी स्टँडवर सापडलं. आम्ही परतीच्या गाडीची वाट बघत बाकावर बसलो होतो. मामा अर्धा तास येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत होते. मला वाटलं, टी-शर्टांचं मनाला लागलं असेल. एकदम माझ्या वहीवर बोट ठेवून म्हणाले, "बघ. अंगात काय बी असू दे. कोट असू दे, शाल असू दे. कान मात्र समद्यांनी बांधल्यात. थंडीत माणूस पयला कान झाकतो. आन् कानावर तर दुसरं काय चढवत न्हाई."

म्हणजे कानटोपी. सगळ्यांत वर, सगळ्यांना लागणारी, सगळ्यांच्या मापाची.

लोकर शिरूरच्या बाजारातून आणली. एका दुकानात पुरेसा माल नव्हता म्हणून तीन दुकानांतून घेतली, आणि घरी येऊन गुंड्या शेजारी ठेवल्या तर एक जांभळट, एक लालसर, एक फिकट. मी परत करायला निघाले. मामांनी अडवलं. "कांद्याची पाटी बघितली न्हाईस का कधी? एका रंगाची असती व्हय?" विषय संपला.

विणायचं काम बचत गटाच्या बायकांनी घेतलं आणि मुख्य मामी. दुपारी त्यांच्या स्लॅबवर उन्हात आम्ही सगळ्या बसायचो, सुया आणि तोंडं दोन्ही चालू. मामींची तक्रार ठरलेली. "लग्नाच्या दिवशी बी ह्या माणसानं मला नावानं हाक मारली न्हाई. म्हटले, लाल शालू, जरा बाजूला व्हा, पाव्हण्यांना वाट द्या." खालून मामांचा आवाज यायचा, "वाट दिली ना? कुणी चेंगरलं न्हाई ना?"

खरा विरोध किरणचा. पाबळला वेल्डिंग शिकून आलेला, गावातल्या तरुण पोरांचा म्होरक्या. केसांना जेल लावून त्यांचा तुरा उभा केलेला. टोपी बघून म्हणाला, "मामा, एवढी मेहनत करून केस बसवलेत. टोपी घातली की झालं, म्हशीनं चाटल्यासारखं."

"तुझं केस बघायला दौंडला कोण येणार हाय?"

"येतात की कोण कोण."

"मग तिला बी एक टोपी दे. दोघं लांबून ओळखू याल."

सगळे हसले. किरणनं टोपी घेतली ती खिशात घालण्यापुरती. मैदानात घालीन, रस्त्यावर नाही, अशी तडजोड झाली. म्हाताऱ्या मंडळींचं वेगळं होतं. ते पांढरी टोपी काढायला तयार नव्हते. मामांनी त्यांना पांढऱ्या टोपीवरूनच कानटोपी ओढायला लावली. टोकदार डोक्याची माणसं तयार झाली. तात्या आरशात बघून म्हणाले, "शेंड्यासकट कांदाच दिसतोय की मी." आणि तसेच घरी गेले.

मामा या रंगाच्या मागे एवढे का लागलेत, हे मी एकदाच विचारलं. स्लॅबवर टोप्यांच्या जुड्या बांधत होतो. ते म्हणाले, "कंपनीत एकदा धूर झाला. थंडीची पहाटपाळी. समदे असेंब्ली पॉइंटला आले, एक जण कमी भरला. पिवळं हेल्मेट शोधत आम्ही हिंडतोय. त्यानं कान गार पडलं म्हणून हेल्मेट काढून काळा मफलर गुंडाळला व्हता. ड्रमाच्या मागं बसला व्हता. दोनदा मी त्याच्या बाजूनं गेलो." जुडीला गाठ मारली. "घावला. पण उशिरानं." खाली जाताना एवढंच म्हणाले, "असून दिसत न्हाई, ह्याच्यापरीस वाईट काय न्हाई."

पौष आला. शुभांगी यायला तयार नव्हती. तात्यांनी तिला काय सांगितलं ते मला माहीत नाही, निघायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ह्या एकदा येते, ताई. मग बास." तिनं तसं ठरवलं तर संघ मोडणार हे मला कळत होतं. तिच्याशिवाय चढाईला कोणी नव्हतं.

दौंडला पोचलो तेव्हा मैदानावर धुकं होतं. लांबून रेल्वेचा भोंगा यायचा, गाडी दिसायची नाही. मामांनी भेळवाल्याच्या गाडीशेजारी असेंब्ली पॉइंट जाहीर केला, शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना ओळीनं उभं केलं. "शाली घ्या. घोंगडी घ्या. काय पांघरायचं ते पांघरा. डोकं माझं." मग गटानं चालवत नेऊन मैदानाच्या पूर्वेच्या बाजूला बसवलं, कारण सूर्य आमच्या पाठीमागून येणार होता आणि मुलींच्या डोळ्यांवर ऊन न येता आमच्यावर पडणार होतं असा त्यांचा हिशेब. तो हिशेब उलटा होता. सूर्य पाठीमागून आला म्हणून आमची तोंडं अंधारात गेली आणि मुलींच्या डोळ्यांवर धुक्यातून तिरीप आली. मामांनी कपाळाला हात लावला, शिट्टी वाजवली, आणि भर सामन्यात सगळा कांदा उठून मैदानाला वळसा घालून पश्चिमेला गेला. पंच थांबून बघत राहिले. दौंडची माणसंही.

त्या मिरवणुकीचा एक फायदा झाला. आम्ही आलोय हे न बघितलेलं कुणी राहिलं नाही.

मध्यांतराला आम्ही मागे होतो. उरलंसुरलं धुकं उठलं. पश्चिमेच्या बाजूला थेट ऊन पडलं आणि शालींच्या, घोंगड्यांच्या, जर्किनांच्या त्या करड्या ढिगाऱ्यावर जांभळी, लालसर, फिकी डोकी दिसायला लागली, लिलावाला ओतलेल्या कांद्यासारखी. शुभांगी पाणी प्यायला वळली. बाटली तोंडाशी नेली आणि तशीच थांबली. तिची नजर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेली. मग ती एका जागी थांबली. तात्या टोपीवर टोपी घालून पहिल्या रांगेत बसले होते. तिनं स्वतःच्या डोक्यावर बोटांनी शेंडा करून दाखवला. तात्यांनीही तसाच शेंडा करून दाखवला. या वेळी त्यांना ओरडावं लागलं नाही.

दुसऱ्या अर्ध्यात तिनं काय केलं ते सांगायला मी कबड्डीची लेखिका नाही. एवढं सांगते, की एका चढाईत तीन गडी बाद करून ती रेषेवर परत आली तेव्हा किरण टोपी हवेत फेकून नाचत होता आणि मामा त्याच्यावर खेकसत होते, "डोक्यावर घाल, डोक्यावर. हवेत कुणाला दिसतीय?" आम्ही जिंकलो. शुभांगीचं नाव जिल्ह्याच्या निवडीच्या कागदावर आलं.

टेम्पोत गाणी चालू होती. मी मामांना म्हटलं, "टोप्यांनी कमाल केली."

"टोपीनं पॉइंट मिळत न्हाईत, लालवही," ते म्हणाले. "पॉइंट पोरींनी मिळवलं. आपण निस्तं दिसलो." आणि शाल ओढून झोपी गेले.

त्यानंतर कानटोप्या गावाच्या झाल्या. दर थंडीत मंडळाच्या पेटीतून निघून घरोघर जात, सामन्यांना जात, थंडी सरली की धुऊन परत पेटीत. नव्या सुनेला एक आणि जन्मलेल्या पोराला एक अशी प्रथाच पडली. शुभांगी "ह्या एकदा" म्हणाली होती ती खेळतच राहिली. मामा दरवर्षी असेंब्ली पॉइंटला शिट्टी घेऊन उभे असत, फक्त दिशांचा हिशेब आता मी करत असे.

मामा थंडीतच गेले. रात्री जेवून झोपले ते सकाळी उठले नाहीत. मामींच्या घरी आम्ही बायका जमलो. बाप्ये बाहेर. दुपारच्या नमाजनंतर त्यांना कब्रस्तानात नेणार होते. शुभांगी सराव सोडून थेट आली होती, अंगात जिल्ह्याचा ट्रॅकसूट. आतल्या खोलीत भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. गर्दीत जीव घुसमटायला लागला तेव्हा आम्ही दोघी जिना चढून स्लॅबवर गेलो, जिथं टोप्या विणल्या होत्या.

मयताला जाताना डोकं झाकायचं असतं, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मुसलमान मंडळी टोपी घालतात, बाकीचे खिशातला रुमाल काढून मागे गाठ मारतात. मी तेच बघायची तयारी ठेवून कठड्याशी उभी राहिले. कब्रस्तानाचा रस्ता उसाच्या दोन फडांमधून जातो. मामांची खाटली पुढं निघाली. तिच्या मागं माणसं.

पांढऱ्या जाळीच्या टोप्या होत्या. रुमाल एकही नव्हता. बाकी सगळा रस्ता, या फडापासून त्या फडापर्यंत, कांद्याच्या रंगाचा. जांभळट, लालसर, फिकट. तात्या टोपीवर टोपी घालून चालत होते. किरणनं खाटलीला खांदा दिला होता, आणि त्याची टोपी भुवयांपर्यंत खाली ओढलेली होती, भर रस्त्यात.

मी कुणाला सांगितलं नव्हतं. थंडीचे दिवस, पेटी आधीच रिकामी झाली होती. ज्याच्या-त्याच्या घरी जी टोपी होती ती ज्यानं-त्यानं घातली होती.

शुभांगी कठड्याला टेकून बघत होती. रस्ता वळला, माणसं लहान दिसायला लागली, तोंडं ओळखू येईनाशी झाली. रंग मात्र दिसत होता.

"ताई," ती म्हणाली, "आपले समदे आलेत."